ब्रेकच्या नळीची गोष्ट

सावदा-रावेर भागातील शेतकरी बंधूंनो आणि शिक्षक बंधु-भगिनींनो, केळीचे घड भरलेली जुनी पिकअप गाडी आपण रोज पाहता. पालकडून सातपुडा उतरताना ती कशाच्या भरवशावर थांबते? करंगळीहूनही बारीक अशा नळीच्या! ती नळी गळू लागली म्हणजे मात्र आपण मिस्त्रीला सांगतो, "कशीही जोड, पण गाडी चालू कर." या 'कशीही'विषयीच आज थोडे बोलायचे आहे.

उभ्या बैलगाडीला दगडाची अटकण पुरते. पहिल्या मोटारींचे ब्रेक सळ्यांनी व तारांनी ओढले जात. एक तार सैल पडली की एक चाक धरी, दुसरे मोकळे राही, आणि गाडी वाट सोडी. उपाय सतराव्या शतकातील पास्कलच्या नियमात होता : कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. 1921 साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना असे तेलाचे ब्रेक आले. पण नळी फुटली की सगळेच ब्रेक जात. म्हणून 1960 नंतरच्या दशकात तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याची रीत पडली.

पिकअपचे दुखणे निराळेच. रिकामी असताना तिची मागची बाजू हलकी असते; ब्रेक जोरात दाबला की मागची चाके अडकून घसरतात आणि गाडी आडवी होऊ पाहते. माल भरला की तीच चाके जास्त जोर मागतात. म्हणून कित्येक गाड्यांत मागच्या आसाजवळ, भार पाहून दाब कमीजास्त करणारी झडप असते.

अडकणारे चाक क्षणभर सोडून पुन्हा धरायचे, ही युक्ती 1950 नंतरच्या दशकात डनलॉपने विमानांसाठी वापरली. 1978 मध्ये बॉशची विजेवर चालणारी योजना मर्सिडीज मोटारीत आली. 1987 मध्ये फोर्डने ती पिकअपच्या मागच्या चाकांना दिली. हेच एबीएस. आपल्या देशात एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे.

आता सांगा, झडप वगळून नळी सरळ जोडली, किंवा दुसऱ्याच वजनाच्या गाडीचे एबीएस बसवले, तर काय होईल? सपाटीवर गाडी थांबेल, आपण खूश होऊ. चूक कळेल ती पहिल्या पावसात, उतारावर. तांब्याची नळी वाकवायला सोपी खरी, पण थरथरीने ती तडकते. नळी मूळ मापाचीच, पोलादी घ्यावी. तेल नवे भरावे. आतली हवा पुरती काढावी. गाडीची मूळ रचना मनाने बदलण्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते, तेही उगीच नव्हे.

गुरुजी, लहानमोठ्या दोन पिचकाऱ्या नळीने जोडून पाणी भरा आणि एक दाबून दाखवा. मग नळीत हवेचा बुडबुडा सोडून पुन्हा दाबा. दट्ट्या लिबलिबीत का लागतो, हे मुलेच सांगतील. आणि संध्याकाळी घरी जाऊन वडिलांनाही विचारतील, "आपल्या गाडीची हवा काढली का हो?"