जुनी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा वाजवली की खराब होते का?

माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्ड्स सापडतात, प्लेयर घरी येतो आणि पहिला प्रश्न पडतो: रोज वाजवली तर रेकॉर्ड झिजेल का?

झिजते, पण अगदी हळू. रेकॉर्डचे खरे शत्रू दोन: झिजलेली सुई आणि धूळ.

नेमकं होतं काय?

रेकॉर्डवरच्या बारीक खाचेच्या भिंतींवर आवाज कोरलेला असतो. सुई त्यातून फिरते. बहुतेक प्लेयरमध्ये सुईचा भार दीड ते अडीच ग्रॅम असतो. पण टोक इतकं बारीक असतं की खाचेवर प्रचंड दाब येतो. टोक झिजून त्याला धार आली की तीच सुई भिंती खरवडते. धूळ असेल तर ती सुईखाली घासली जाते. एकदा खाच खराब झाली की ती दुरुस्त होत नाही.

सुई कधी बदलायची?

हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. रोज ४० मिनिटांची एक एलपी ऐकली, तरी ५०० तास व्हायला दोन वर्षं लागतात. जुना प्लेयर विकत घेतला असेल, तर आधी सुई बदललेली बरी.

सुई उडते म्हणून आर्मवर नाणं ठेवू नका. जास्त भाराने खाच झिजते. भार फार कमी ठेवला, तर सुई खाचेत हेलकावे खाते आणि भिंतींवर आपटते. कार्ट्रिज बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेला भारच ठेवा.

लाखेची रेकॉर्ड वेगळी

विनाइलची एलपी १९४८ मध्ये बाजारात आली. त्याआधीच्या ७८ च्या स्पीडच्या रेकॉर्ड्स लाखेच्या असायच्या. बालगंधर्वांची नाट्यगीतं अशाच रेकॉर्ड्सवर घरोघरी पोहोचली. त्यांची खाच रुंद असते, म्हणून त्यांना वेगळी, जाड सुई लागते. ग्रामोफोनची स्टीलची सुई तर प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. ती एलपीवर कधीच ठेवू नका. आणि लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

रोजची काळजी

• रेकॉर्ड कडेला आणि मधल्या लेबलला धरा, खाचांना बोट लावू नका.
• वाजवण्याआधी कार्बन फायबरच्या ब्रशने धूळ काढा. शर्टाच्या टोकाने पुसू नका.
• सुई मागून पुढे, हलक्या ब्रशने साफ करा.
• रेकॉर्ड्स उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या, तर त्या वाकू शकतात.
• उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात कव्हरला बुरशी लागत नाही ना, ते बघा.

अनेक जुनी गाणी आजही ऑनलाइन मिळत नाहीत. त्यामुळे घरातली रेकॉर्ड दुर्मीळ असेल, तर ती स्वच्छ करून चांगल्या सुईवर वाजवा आणि एकदा डिजिटल कॉपी करून ठेवा. मग रोज ऐकायला कॉपी, आणि सणावाराला रेकॉर्ड.