सीईए तपासणी: रिपोर्टमधला आकडा काय सांगतो?

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगात डॉक्टर वेळोवेळी सीईए ही रक्ततपासणी करायला सांगतात. सीईए म्हणजे कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, एक प्रथिन. गर्भाच्या आतड्यात ते भरपूर असते, जन्मानंतर अगदी थोडे उरते. कर्करोगाच्या पेशी ते पुन्हा जास्त प्रमाणात तयार करू शकतात. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये ते शोधून काढले.

नॉर्मल किती?
धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये साधारण ३ आणि करणाऱ्यांमध्ये ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरपर्यंत. लॅबनुसार ही मर्यादा थोडी बदलते.

सीईए वाढले म्हणजे कर्करोगच का?
नाही. धूम्रपान, यकृताचे आजार, स्वादुपिंडाचा दाह, अल्सरेटिव्ह कोलायटिस यांतही ते वाढते. उलट काही गाठी सीईए तयारच करत नाहीत. त्यामुळे शौचावाटे रक्त जात असेल, तर 'सीईए नॉर्मल आहे' म्हणून निश्चिंत राहू नका. निदान कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीनेच होते.

मग ही तपासणी कशासाठी?
मुख्य उपयोग उपचारांनंतरच्या देखरेखीसाठी. ऑपरेशनआधी वाढलेले सीईए, गाठ पूर्ण निघाली असेल तर साधारण ४ ते ६ आठवड्यांत नॉर्मलवर येते. त्यानंतर सहसा पहिली २ वर्षे दर ३ ते ६ महिन्यांनी आणि पुढे ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी तपासणी करतात. यकृतात किंवा फुप्फुसात आजार परतत असेल, तर त्रास जाणवण्याआधीच सीईए वाढू शकते. तेव्हाच लक्षात आले, तर काही रुग्णांमध्ये पुन्हा ऑपरेशन करता येते.

आकडा वाढला तर काय करावे?
आधी तीच तपासणी पुन्हा करून खात्री करतात. वाढ कायम असेल तर सीटी स्कॅन आणि गरजेनुसार इतर तपासण्या होतात. केमोथेरपीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आकडा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून मनाने उपचार थांबवू नका.

हे लक्षात ठेवा
• शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा.
• सगळे रिपोर्ट तारखेनुसार फाइलमध्ये लावा. एका आकड्यापेक्षा त्याचा चढ-उतार महत्त्वाचा असतो.
• धूम्रपान करत असाल तर डॉक्टरांना सांगा.
• तब्येत बरी वाटते म्हणून फॉलोअप चुकवू नका.