संपफोडा कोणाला म्हणावे?

१/ संप चालू असताना कामावर जाणाऱ्याला ‘संपफोडा’ म्हणतात. कामगार चळवळीत याहून जहरी शिवी नाही. मात्र या शिवीमागचा नैतिक प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो समजून घेण्यासाठी शंभर वर्षे मागे जाऊ.

२/ मार्च १९२०. कोल्हापूर संस्थानातील माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी तरुण डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. पुढे आठच वर्षांनी या नेतृत्वाची एक अवघड कसोटी मुंबईच्या गिरणगावात लागली. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतील असंख्य माणसे तिथे पोटासाठी गेली होती.

३/ एप्रिल १९२८ मध्ये गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगारांनी सहा महिने उपासमार सोसली. संपकऱ्यांचे बळ एकजुटीत असते. एकाने जरी रिकामी जागा भरली, तरी उरलेल्यांच्या उपवासाचे मोल घटते. संपफोड्यावरील रोषाचे मूळ इथे आहे आणि तो रोष खोटा नव्हे.

४/ पण त्या एकजुटीला एक भेग होती. विणखात्यात पगार चांगला, तरीही अस्पृश्य कामगारांना तिथे मज्जाव होता. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्यात विटाळ वाटे. हा प्रश्न आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे मांडला. ही बंदी मालकांनी घातलेली नव्हती, ती कामगारांनीच पाळली होती.

५/ फेब्रुवारी १९२९. तेल कंपन्यांतील संपाच्या काळात पठाणांना कामावर घेतले गेले. त्यातून उसळलेल्या दंगलीत सुमारे १५० माणसे मेली. मालक सुरक्षित राहिले. एकमेकांसमोर उभे ठाकले ते दोन्हीकडचे गरीब.

६/ एप्रिल १९२९ मध्ये गिरण्यांत पुन्हा संप पुकारला गेला. आधीच्या संपाने घरे कर्जात बुडाली होती. आंबेडकरांनी या संपाला विरोध केला आणि दलित कामगारांनी कामावर जावे, अशी भूमिका घेतली. त्याचा लाभ मालकांनाही झाला, हे नाकारता येत नाही.

७/ मग आंबेडकर संपाचेच विरोधक होते का? मुळीच नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाच्या संपात उतरला.

८/ या दोन भूमिकांना जोडणारे सूत्र एकच आहे. एकजूट हे परस्परांचे ऋण असते. ज्याला विणखात्याचा दरवाजा बंद ठेवला, त्याने गिरणीच्या दरवाजाबाहेर आपल्यासोबत उपाशी उभे राहावे, अशी अपेक्षा कोणत्या अधिकाराने करायची? संपफोड्याला जाब जरूर विचारावा. पण त्याआधी संघटनेने स्वतःला विचारावे : आपण याला आपला कधी मानले होते?