हवेने वाचवलेले बळ कोणाच्या पदरी पडले? ड्रॅग रेसच्या ट्रकपासून परळीच्या टायरगाडीपर्यंत

१/ ड्रॅग रेस म्हणजे पाव मैलाची, सुमारे ४०२ मीटरची सरळ धाव. तीत ट्रकही उतरवले जातात. ट्रक मुळात ओझ्याचे वाहन. त्याला धावेसाठी सज्ज करताना मागील आसाजवळ हवेने भरलेल्या रबरी पिशव्या बसवतात. ही हवा नेमके काय करते, आणि हवेचीच युक्ती परळी वैजनाथ परिसरातील ऊसतोड कामगाराच्या गाडीत आल्यावर काय घडले, हे या धाग्यात पाहू.

२/ ट्रक सुटण्याच्या क्षणी भार मागे सरकतो. नाक उचलते, पाठ दबते. शिवाय इंजिनाचा पीळ मागच्या अखंड आसापर्यंत पोहोचला की तो आसच पिळवटू लागतो. नेहमीच्या रचनेत उजवे चाक हलके होते आणि जागीच घसरून फिरते. म्हणून उजव्या पिशवीत डावीपेक्षा अधिक हवा भरतात. दोन्ही चाके सारख्या जोराने जमिनीला भिडतात आणि गाडी सरळ सुटते. किती हवा भरायची, हे प्रत्येक धावेनंतर दाब थोडा थोडा बदलून ठरते.

३/ भाराच्या तोलाचा हा प्रश्न मराठी शेतकऱ्याला नवा नाही. गाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचा पट्टा बैलाला आवळतो. पुढे जास्त भरला तर सारे ओझे मानेवर येते. जोडीतला एक बैल दुबळा असेल, तर ओढीचा बिंदू जुवाच्या मध्यापासून सशक्त बैलाकडे सरकवला की दुबळ्याच्या वाट्याचा भार कमी होतो. हा तरफेचा नियम आहे. ट्रकच्या उजव्या पिशवीतील जादा हवाही असमान भाराचीच भरपाई करते.

४/ सरळ धावेची शर्यतही आपल्याकडे जुनीच. विदर्भ-मराठवाड्यातला शंकरपट आणि पुणे जिल्ह्यातल्या घाटातील बैलगाडा शर्यत, दोन्हींत काही सेकंदांत निकाल लागतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

५/ शर्यतीच्या गाडीचे तत्त्व सोपे: जे काढता येईल ते काढा. छकडा हलका, माल शून्य. ओझ्याच्या गाडीला ही सोय नाही. जुन्या खटाऱ्याला लाकडी आरे आणि त्यांवर लोखंडी धाव असे. ही अरुंद धाव कच्च्या रस्त्यात चाकोरी पाडी आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीत रुतून बसे. प्रत्येक दगडाचा धक्का आसातून थेट बैलांच्या खांद्यापर्यंत जाई.

६/ या धक्क्यावरचे उत्तर १८४५ साली एका २३ वर्षांच्या तरुणाने शोधले. स्कॉटलंडचा रॉबर्ट विल्यम थॉमसन याने हवाभरल्या चाकाचे पेटंट घेतले. तेव्हा मोटार नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर होत्या घोडागाड्या. गाडी ओढायला लागणारे बळ कमी व्हावे आणि ती सुखद, नि:शब्द चालावी, हा त्याचा हेतू होता. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने प्रयोगही करून दाखवले. परंतु कल्पना काळाच्या पुढे होती. ती विस्मरणात गेली.

७/ १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर होता. त्याचे नाव पुढे भारतात बैलांच्याच गाडीला चिकटले, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग.

८/ १९३० च्या दशकात हवेच्या टायरच्या बैलगाड्या भारतात आल्या. हुगळी जिल्ह्यातील साहागंज येथील डनलॉपचा कारखाना १९३६ चा. अनेक ठिकाणी अशा गाडीला 'डनलॉप गाडी' म्हणू लागले. ऊसपट्ट्यात ती 'टायरगाडी' झाली.

९/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. टायरमध्ये हवा आसाच्या खाली असते. एअर सस्पेन्शनमध्ये ती आसाच्या वर, वाहनाचा सांगाडा आणि आस यांच्यामध्ये असते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या बसगाड्यांत ही रचना १९५३ पासून रुळली. भारतात २००१ मध्ये आलेल्या व्होल्वो बसने ती सर्वपरिचित केली. प्रवाशाला मिळालेले सुख हवेचेच.

१०/ आता बीडकडे वळू. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला माणसे हवी होती. ती आली बालाघाटच्या कोरडवाहू गावांतून. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ वाढवला. परळीजवळ पांगरीला वैद्यनाथ सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावरही स्थलांतर थांबले नाही.

११/ या व्यवसायाची स्वतःची परिभाषा आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल'. डोक्यावरून मोळ्या नेऊन ट्रक भरणाऱ्यांचे 'डोकी सेंटर'. बैलगाडीने ऊस वाहणाऱ्यांचे 'गाडी सेंटर' किंवा 'टायर सेंटर'. अवघ्या कामाच्या पद्धतीला चाकाचे नाव मिळाले, यावरून टायरचे महत्त्व कळावे.

१२/ आणि आता मूळ प्रश्न: टायरमुळे वाचलेले बळ कोणाला मिळाले? भारवाही पशूंसंबंधीचे १९६५ चे केंद्रीय नियम पाहा. मोठ्या बैलाच्या दुचाकी गाडीला हवेचे टायर नसतील, तर भाराची कमाल मर्यादा ९०० किलो. टायर असतील, तर १३५०. जोडी असेल, तर दुप्पट. म्हणजे १८०० चे २७०० झाले. ओढ हलकी झाली, हे कायद्याने मान्य केले आणि त्याच दमात ओझे दीडपट करण्यास मुभा दिली.

१३/ यात कोणा एकाचा दुष्टावा शोधू नये. तोडणी आणि वाहतुकीचा मोबदला टनावर ठरतो आणि उचल टनांनीच फिटते. अशा हिशेबात हलकी झालेली गाडी रिकामी कोण ठेवील? थॉमसनने बैल-घोड्यांचे श्रम वाचवणारे चाक कल्पिले; टनाच्या दराने ते अधिक माल वाहणारे चाक केले. जनावराची मान तिथेच राहिली आणि गाडी हाकणाऱ्याची कंबरही.

१४/ शर्यतीच्या ट्रकमध्ये हवेने कमावलेला प्रत्येक क्षण चालकाच्या खात्यावर जमा होतो. बसमध्ये ती प्रवाशाची पाठ वाचवते. टायरगाडीत तिचा लाभ वजनकाट्यावर नोंदवला जातो. तीन वाहनांत हवा एकच. फरक पडतो तो हिशेब कोण ठेवतो यामुळे.

१५/ म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना शोध कोणी लावला, एवढ्यावर थांबू नका. वाचलेले श्रम कोणत्या वहीत गेले, हेही विचारा. तुमच्या घरी कोणी टायरगाडी हाकली असेल, तर लाकडी चाकाच्या दिवसांत एका खेपेला किती ऊस भरत आणि टायर आल्यावर किती, एवढे त्यांना अवश्य विचारा आणि उत्तर इथे लिहा.

(धागा समाप्त)