बोट आली का?

मुंबईला निघालेला कोकणी माणूस बोटीच्या वेळेच्या कितीतरी आधी बंदरावर येऊन बसत असे. सोबत वळकटी, ट्रंक, तांदळाचे गाठोडे, फणसपोळी आणि पोचवायला आलेले निम्मे घर. सगळ्यांच्या नजरा समुद्राकडे. धुराची रेघ दिसली की गलका उठे. बोट कधी वेळेवर येई, कधी अर्धी रात्र वाट पाहायला लावी. समुद्र फारच खवळला तर बंदर न घेताच पुढे निघून जाई, आणि मग ओझी उचलून सगळे घरी परतत.

ही धाकधूक कोकणी माणसाच्या स्वभावात नव्हती, ती त्याच्या वाटेत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. काही वर्षांत रूळ घाट चढून दख्खनेत पोचले, १८९१ मध्ये ते कोल्हापुरालाही भिडले. कोकणाच्या वाट्याला मात्र डोंगर, खाड्या आणि समुद्रच राहिला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले, ते गाव तेव्हा किती एकाकी होते याची ही एक खूण. याच रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला जात होती. त्यांना मुंबई दाखवली ती आगबोटीने.

मुंबईकडच्या टोकाला भाऊचा धक्का होता. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी १८४१ मध्ये धक्का बांधला आणि चिखल-पाण्यातून चढउतार करणाऱ्या प्रवाशांची सोय झाली. खाली कोकणात अशी सोय थोड्याच ठिकाणी होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरांची माळ. पण बहुतेक ठिकाणी आगबोट खोल पाण्यात दूर उभी राही. किनाऱ्यापासून तिच्यापर्यंत माणसे नेई तो पडाव. लाटेबरोबर पडाव वर आला की त्याच क्षणी खलाशाचा हात धरून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा. लेकुरवाळी बाई असो की म्हातारा, दुसरा मार्ग नव्हता. मूल आधी वर दिले जाई, आई मागून चढे. तेवढ्या वेळात काठावरच्यांचा जीव टांगणीला लागे.

वर चढल्यावर डेकवर जागा धरायची, वळकटी पसरायची. थोड्या वेळाने बोट लागे. ओकारीने हैराण झालेल्यांसाठी कोणी लिंबू काढी, कोणी आवळकाठी. शेजारी बसलेला अनोळखी माणूस एका रात्रीत गाववाला होऊन जाई.

खरा अडसर पावसाळ्याचा. जून लागला की लांबच्या बोटी बंद, त्या साधारण ऑगस्ट संपेपर्यंत. त्या काळात कोणाला नोकरीचे बोलावणे आले, कोणाचे आजारपण निघाले, तर आंबा, फोंडा किंवा आंबोलीचा घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे जायचे आणि तिथून रेल्वेने लांबचा वळसा घालून मुंबई गाठायची. गणपती लवकर आले की मुंबईतल्या चाकरमान्यांच्या पोटात गोळा येई, कारण बोट सुरू व्हायच्या आतच चतुर्थी येऊन ठेपे. म्हणून नारळी पौर्णिमेला दर्यात सोडलेल्या नारळाकडे कोळ्यांइतक्याच आशेने चाकरमानीही पाही.

बोटीची भीती पोकळ नव्हती, हे समुद्राने दोनदा दाखवून दिले. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्यावरून जवळच्याच रेवसला निघाली. आषाढी अमावास्या, गटारीचा दिवस. सणाला घरी चाललेल्या माणसांनी बोट भरली होती. काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. पोहून वाचलेले काठाला लागले तेव्हा, दुपार उलटल्यावर, शहराला बातमी कळली. स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना आजच्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-रेवस भागातल्या गावांत घरोघरी सुतक होते. तेव्हापासून बोटीने मुंबईला पोचलेल्या माणसाच्या ‘सुखरूप पोचलो’ या दोन शब्दांच्या पत्राचे मोल आणखी वाढले असेल, तर नवल नाही.

साठच्या दशकात चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’सारख्या मोठ्या बोटी मुंबई-पणजी मार्गावर आल्या. दुसरीकडे १ जून १९४८ ला सुरू झालेली एसटी हळूहळू घाट आणि पूल ओलांडत गावागावांत पोचत होती. प्रवासी तिकडे वळले आणि पडाव किनाऱ्यावर ओढले गेले. कोकणचे खासदार नाथ पै, मधू दंडवते यांनी लावून धरलेली कोकण रेल्वे अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंत पूर्ण धावू लागली. पहिल्या गाडीनंतर १४५ वर्षांनी.

पावसाळ्याने मात्र आपला हक्क सोडलेला नाही. दरड आणि पुराच्या धोक्यामुळे कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालवाव्या लागतात. गणपतीच्या तिकिटासाठी दोन महिने आधीपासून जिवाचा आटापिटा करणारा आजचा चाकरमानी त्याच जुन्या रांगेत उभा आहे.

डेकवर झोपून मुंबई गाठलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. बोट कंपन्यांच्या दप्तरात बोटींची नावे सापडतील. पण पडावात कोणी हात दिला, कुठल्या बंदरावर किती रात्री काढल्या, हे फक्त या माणसांनाच ठाऊक आहे. घरात असे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसावे, विचारावे आणि लिहून ठेवावे. यंदाच्या गणपतीतच.