पार्गा : किंमत ठरलेले गाव

ग्रीसच्या वायव्य किनाऱ्यावर, आयोनियन समुद्राच्या काठी पार्गा नावाचे छोटे गाव आहे. लहानसे बंदर, समोर पाण्यात एक बेट, उतारावर एकावर एक चढत गेलेली घरे, खडकावर जुना किल्ला आणि मागे ऑलिव्हच्या बागा. फोटो पाहिले तर वाटते, इथे कसला आलाय इतिहास! पण आहे, आणि तो चटका लावणारा आहे.

१४०१ पासून १७९७ पर्यंत पार्गा व्हेनिसच्या छत्राखाली होते. व्हेनिस बुडाले आणि गाव पोरके झाले. १८०० च्या तहाने या किनाऱ्यावरची व्हेनिसची ठाणी तुर्की सुलतानाकडे गेली. शेजारचा प्रेवेझा योआनिनाच्या अली पाशाने घेतला. हा नावाला सुलतानाचा सुभेदार, वागणे मात्र राजाचे. पार्गा तेवढे त्याच्या हाती लागले नाही. १८१४ मध्ये गावकऱ्यांनी फ्रेंचांना हटवून स्वतःच किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढवले. वाटले, आता सुटलो.

पण इंग्रजांनी जुन्या तहावर बोट ठेवले आणि गाव तुर्कांना द्यायचे ठरवले. अट एकच : ज्यांना जायचे असेल त्यांना मालमत्तेची भरपाई मिळावी. ती अली पाशाने द्यायची.

मी सरकारी कारकून. भूसंपादनाच्या फायली हाताखालून गेलेल्या आहेत, म्हणून पुढचा भाग वाचताना थांबलोच. १८१७ पासून घरे, बागा, झाडे यांचे मूल्यांकन सुरू झाले. घासाघीस होत होत आकडा सुमारे दीड लाख पौंडांवर आला. घराला रकाना, झाडाला रकाना. वाडवडिलांच्या थडग्यांना रकाना नव्हता.

१८१९ साली, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाल्याच्या पुढच्याच वर्षी, तीन-चार हजार माणसांचे जवळजवळ सगळे गाव उठले. निघण्यापूर्वी त्यांनी पूर्वजांची हाडे उकरून काढली, जाळली आणि राख बरोबर घेतली. आपल्याला अस्थी जाळण्यात नवल वाटणार नाही. पण ही माणसे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, दफन करणारी. त्यांच्या धर्माला दहन वर्ज्य. तरीही मेलेल्यांना पाशाच्या हाती सोडण्यापेक्षा त्यांना ते बरे वाटले. मग देवाच्या तसबिरी आणि ती राख घेऊन होड्या कोर्फू बेटाकडे निघाल्या.

या व्यवहारावर इंग्लंडमध्येही टीका झाली. पार्ग्याचा कारभार पाहिलेल्या द बोसे या लष्करी अधिकाऱ्यानेच त्याविरुद्ध पुस्तक लिहिले. १८३१ मध्ये इटालियन चित्रकार हायेझ याने या निर्वासितांचे मोठे चित्र काढले. इटलीचा बराच भाग तेव्हा ऑस्ट्रियाखाली होता, पाहणाऱ्यांना अर्थ सांगावा लागला नसेल.

अली पाशा १८२२ मध्ये मारला गेला. पार्गा ग्रीसमध्ये आले ते १९१३ साली, ९४ वर्षांनी. होडीतून गेलेल्यांपैकी ते पाहायला कोण उरले असणार? आज उन्हाळ्यात त्या बंदरात पर्यटकांच्या बोटी लागतात. कधी कोणी तिथे गेलात, तर धक्क्यावर क्षणभर थांबा. गाव इथूनच गेले होते, आपले मेलेलेही बरोबर घेऊन.