सात दिवसांच्या रेघा

संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या लहानशा पुस्तकात एके ठिकाणी नुसत्या आडव्या रेघा आहेत. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन. सकाळी उठल्याबरोबर आपला एकच दोष मनाशी धरायचा. जिभेचा तिखटपणा म्हणा, मत्सर म्हणा. दुपारच्या जेवणानंतर सकाळचा तास न् तास आठवून तो किती वेळा घडला तेवढे ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्री जेवण झालं की खालच्या रेघेवर. मग दुपारशी रात्र, कालशी आज, मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा. पवित्र होण्याविषयी ख्रिस्ती परंपरेत अफाट लिहिलं गेलं आहे. त्यात मला या रेघा फार मोलाच्या वाटतात, कारण त्या माणसाला ‘आज दुपारपर्यंत काय केलंस?’ एवढंच विचारतात.

दिवसाचा जाब स्वतःला विचारण्याची रीत मूळची ख्रिस्ती नव्हे. रोममध्ये तत्त्वज्ञ सेनेका रोज रात्री दिवा गेल्यावर ती पाळत असे. पुढे मठांतून ती रुजली. पंधराव्या शतकात टॉमस अ केम्पिस यांच्या नावावर असलेल्या ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ या ग्रंथाने सुचवलं, की वर्षाला एक दुर्गुण उपटला तरी माणूस लवकर पूर्णत्वाला जाईल. एकच दोष धरण्याचं बीज इथे दिसतं.

१५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला. पुढच्या वर्षी ते स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहिले. ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ हा ग्रंथ त्यांना तिथेच जिवलग झाला, आणि तिथेच पापांच्या हिशेबाने त्यांना पार पोखरलं. कबूल केलेलं पाप पुन्हा आठवे, पुन्हा कबुली, तरी शांती नाही. जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत मजल गेली, हे त्यांनीच पुढे सांगून ठेवलं आहे. त्यांच्या तपासणीची घडण त्या यातनेतून झाली असं मी मानतो. दिवसभराची सर्वसाधारण तपासणी ते देवाचे आभार मानून सुरू करायला सांगतात. मग दोष ओळखण्याची कृपा मागायची, तेव्हा कुठे दिवसाकडे पाहायचं. शेवटी क्षमा आणि सुधारण्याचा निश्चय, तोही देवाच्या कृपेनेच. सेनेका स्वतःच्याच न्यायासनापुढे उभा राहतो; इथे माणूस आधीच प्रेम करणाऱ्या देवापुढे बसतो. आभारांनी उघडलेली वही माणसाला गिळत नाही.

आणखी एक बारकावा आहे. दोष घडला की त्याच क्षणी हात छातीवर न्यायचा. हे चारचौघांत करता येतं आणि कुणाला कळतही नाही, असं इग्नेशियस मुद्दाम नोंदवतात. म्हणजे साधक बाजारात, वर्गात, जेवणाच्या पंगतीत असणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्या येशूसंघातल्या, अभ्यासात बुडालेल्या तरुणांनी लांब ध्यानाचा हट्ट धरू नये, चालण्याबोलण्यात आणि खाण्यापिण्यात देव शोधावा, असं १५५१ साली त्यांच्या वतीने एका पोर्तुगीज सहकाऱ्याला कळवलं गेलं.

पुस्तक रोममध्ये छापलं गेलं १५४८ साली. पण गोव्याला ही रीत छापील प्रतीआधीच आली. पॅरिसमध्ये १५३४ साली इग्नेशियस यांच्याच हाताखाली ही साधना केलेले फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात मांडवीकाठी उतरले होते.